खांद्यावरचा हात

ईस्ट बॉल्टिमोरमध्ये कुणाचं पोर गोळीनं गेलं, की लोक फुलवाल्याच्याही आधी रुडेल पेटिफर्डच्या दुकानात येतात. पूर्वी तिथं जोडे दुरुस्त व्हायचे, त्यामुळे दमट हवेत भिंतींना अजून चामड्याचा वास सुटतो. आता आत एक कॉम्प्युटर आहे, फिल्म छापायचा प्रिंटर आहे, आणि मधोमध इस्त्रीच्या थोरल्या बहिणीसारखी दिसणारी हीट प्रेस. गेलेल्या माणसाचा फोटो टी-शर्टवर छापायचा, खाली जन्माची आणि मरणाची तारीख टाकायची, आणि दफनाच्या दिवशी घरच्यांनी, गल्लीतल्यांनी, शाळेतल्या मित्रांनी तो घालून चर्चमध्ये यायचं. काही घरांत असे शर्ट घडी करून ठेवलेला अख्खा खण असतो.

रुडेल साठीला टेकलाय. उंच, थोडा वाकलेला, उजव्या गुडघ्यानं कायम कुरकुरणारा. पोरं त्याला काका म्हणतात. छपाई तो तुरुंगात शिकला. विशीत असताना एका कोपऱ्यावर ड्रग्जचा धंदा कोणी करायचा, यावरून त्यानं एका माणसावर गोळी झाडली होती. तो माणूस मेला, आणि रुडेलची तरुणपणाची सगळी वर्षं आत गेली. हे तो लपवत नाही, सांगत सुटत नाही. बाहेर आल्यावर त्याला दोन कामं मिळाली. एक हे दुकान. दुसरं निळ्या जॅकेटवाल्यांचं.

निळ्या जॅकेटवाल्यांची कचेरी त्याच रस्त्यावर, दोन चौक पुढं. तिथली बहुतेक माणसं रुडेलसारखीच, एके काळी ह्याच कोपऱ्यांवर उभी राहिलेली. कुठं वातावरण तापलंय असं कळलं की जायचं, मध्ये उभं राहायचं, बोलत राहायचं. जवळ बंदूक नाही, पोलिसांशी संबंध नाही. आणि एक नियम असा, की कोणी केलं हे कधीच विचारायचं नाही. ते विचारणारे बरेच आहेत. पुढची गोळी थांबवणारे कमी.

रुडेलची ही दोन कामं कधी एक झाली ते त्यालाही सांगता येत नाही. फोटो छापलेली फिल्म कापडावर दाबली की लगेच ओढायची नसते. गरम असताना ओढली तर चेहऱ्याचा तुकडा फिल्मबरोबर सुटून येतो. हल्ली गरमागरम ओढता येणारी फिल्मही मिळते. माल पुरवणारा माणूस फोन करकरून थकला, रुडेल ती घेत नाही. शर्ट न्यायला आलेल्या पोराला तो प्रेससमोर स्टुलावर बसवतो, फिल्म ओढायचं काम त्याच्यावरच सोपवतो आणि म्हणतो, "थांब. अजून गरम आहे." खरं तर ती मिनिटभरात गार होते. पण समोर मित्राचा चेहरा, हात रिकामे, आणि करायला काही नाही, अशा वेळी रागानं आलेली पोरं हळूहळू बोलायला लागतात. आपली ही युक्ती कुणाला माहीत नाही, असं रुडेलला वाटायचं.

केव्हॉन ब्रिस्बेनच्या शर्टाच्या वेळी मात्र त्यानंच घोळ घातला.

केव्हॉन चिकनच्या दुकानाबाहेर मारला गेला, जूनमधल्या एका संध्याकाळी. गाडीतून कोणीतरी गोळ्या झाडल्या. त्याला तिथं बोलावलं होतं जामिरनं, त्याच्या जिवलग मित्रानं. जामिर त्याच दुकानात तळणीवर काम करायचा. गोळ्या झाडल्या तेव्हा तो आत होता आणि लगेच बाहेर आला नाही. त्यानंतर तो गल्लीत दिसलाच नाही. लोकांना एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्यांचं ठरलं होतं, की जामिरनंच त्याला बोलावून मारेकऱ्यांच्या हाती दिलं.

शर्टासाठी फोटो पाठवला केव्हॉनच्या मावसभावानं, टायरीकनं. फोनवर म्हणाला, "बाजूच्याला काढून टाका काका. त्याचं थोबाड नकोय." फोटोत दोघं शेजारी शेजारी होते. रुडेलनं कॉम्प्युटरला सांगितलं, हा ठेव, तो काढ. कॉम्प्युटरनं जामिर काढला. रुडेलनं नेहमीप्रमाणे चेहरा निरखला, डोळे स्वच्छ आलेत ना, कातडीचा रंग राखाडी पडला नाही ना, आणि शर्ट छापून पाठवून दिले.

जामिरचा हात मात्र केव्हॉनच्या खांद्यावरच राहिला होता. मशीनला तो केव्हॉनच्या कपड्याचाच भाग वाटला असावा. नुसता हात, मनगटापासून पुढचा, आणि हाताच्या पाठीवर तेलानं भाजल्याचा अर्ध्या चंद्रासारखा डाग. गल्लीत तो डाग कोण ओळखत नाही?

दुपारपर्यंत शर्टाचा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरला. पलीकडच्या गल्लीतल्यांनी खाली लिहिलं, 'मारून झालं तरी सोडला नाही.' आणखी कोणीतरी हसणारे चेहरे टाकले.

फेलीशा कचेरीतून तडक दुकानात आली. ती निळ्या जॅकेटवाल्यांत सगळ्यांत तिखट. गोळी लागलेल्यांच्या उशाशी हॉस्पिटलात बसायचं काम तिचं.

"तू शर्ट छापतोस की आग लावतोस रे?" तिनं फोन त्याच्या नाकाशी धरला.

रुडेलनं चष्मा वर केला, खाली केला. मग खुर्चीवर बसला.

"तुझ्या चष्म्याचा नंबर बदललाय का डोक्याचा?"

"दोन्हीचा," रुडेल म्हणाला. "टायरीक कुठं भेटेल?"

टायरीक आपल्या गाडीला टेकून उभा होता, अंगात तोच शर्ट. चोविशीतला, शांत बोलणारा. ओरडणाऱ्यांपेक्षा अशांची रुडेलला जास्त काळजी वाटते.

"या काका. भारी काम केलंत. एकाच्या भावात दोघं छापलेत."

"चूक माझी. शर्ट गोळा कर, नवे देतो."

"कशाला? राहू दे की हात. ज्याचा आहे त्याला ओळखायला बरं पडेल."

"टायरीक."

"नाही, ऐका ना. शनिवारी दफन आहे. तो चर्चमध्ये आला, तर त्याची हिंमत कशी झाली? नाही आला, तर का नाही आला? दोन्हीकडून उत्तर एकच येतंय. मी शाळेत गणितात बरा होतो."

रुडेलनं त्याला अडवायचा प्रयत्न केला नाही. गाडीच्या बॉनेटवर तोही टेकला. समोरून घोडागाडीवाला, ह्या शहरात अजून उरलेल्या मोजक्यांपैकी एक, खरबुजं घेऊन चालला होता, घोड्याच्या गळ्यातली घंटी वाजत होती. दोघांनी घोडा वळेपर्यंत पाहिलं.

"मी तुझ्याकडे एकच मागतो," रुडेल म्हणाला. "त्या दिवशीचं जेवण होऊ दे. तुझ्या मावशीनं पोराला मातीत ठेवायचं, आणि घास तोंडात जायच्या आत दुसऱ्या कुणाची तरी आई किंचाळायची, असं नको."

"आणि जेवण झाल्यावर?"

"तेव्हा माझ्याशी बोल."

टायरीकनं शर्टवरच्या हाताकडे मान खाली घालून पाहिलं, जणू झुरळ बसलंय. "जेवण होईपर्यंत," तो म्हणाला. "त्यापुढचा शब्द माझ्याकडून घेऊ नका."

केव्हॉनची आई, योलांडा ब्रिस्बेन, घरासमोरच्या संगमरवरी पायऱ्या घासत होती. घरात माणसं भरलेली, आणि ही बाहेर गुडघ्यांवर, बादली नि ब्रश घेऊन. रुडेल आणि ती एका वर्गात होते. तो कठड्याला धरून खालच्या पायरीवर बसला.

"ओल्यात बसलास," ती म्हणाली.

"बसलो खरा. आता उठवायला चार माणसं लागतील."

"गुडघा तसाच?"

"गुडघा माझ्यापेक्षा म्हातारा झालाय." मग त्यानं शर्टाचं सांगितलं, सरळ, काही न लपवता. चूक माझी, मी नीट बघितलं नाही, रात्रीत नवे छापून देतो.

योलांडानं ब्रश बादलीत टाकला. "मी पाहिला शर्ट. मला वाटलं मुद्दाम ठेवलास."

"नाही गं. कसा ठेवीन?"

तिनं ओले हात झग्याला पुसले आणि आपल्या फोनमधला फोटो काढला. अख्खा. ह्याच पायऱ्यांवर बसलेली दोन पोरं, हातात बर्फाचे गोळे, वर मार्शमॅलोचा पांढरा थर, जामिरच्या नाकालाही थोडा लागलेला. "मी काढलाय हा. गेल्या उन्हाळ्यात. 'दोघं माझ्याकडे बघा' म्हणून मी ओरडत होते, आणि दोघं गोळ्याकडेच बघत होते." तिनं फोन मांडीवर ठेवला. "जामिर इथंच जेवायचा, झोपायचा. न्हाणीघरात त्याचा टूथब्रश आहे अजून. काल टाकायला उचलला, रुडेल. नाही टाकवला."

घरातून कुणीतरी तिला हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

"त्यानं केलं का रे?"

"मी ते विचारत नाही, योलांडा. माझं कामच तसं आहे."

"तुझं काम तसं असेल. मी त्याची आई आहे. मी विचारणार. आण त्याला माझ्यासमोर."

तिला नाही म्हणायला रुडेलकडे तोंड नव्हतं, आणि हो म्हणायला धीर होत नव्हता. जामिरनं तिच्या डोळ्यांत बघून काही वाकडंतिकडं उत्तर दिलं, किंवा उत्तर खरं असून तिला पटलं नाही, तर ती टायरीकला नुसती मान हलवेल. तेवढ्यानं काम होईल. आणि पोराला तिथवर घेऊन गेलेला असेल रुडेल.

"दुकानात आणतो," शेवटी तो म्हणाला. "दिवसाउजेडी. तू एकटी ये."

जामिर शहराच्या दुसऱ्या टोकाला आत्याकडे लपला होता. भर उन्हाळ्यात टोपीचा जाड सदरा घालून सोफ्यावर पडलेला. जेवण बाजूला तसंच.

"ती मला मारेल, काका."

"मारू दे की. तिनं मारलेलं बरं असतं. चल, ऊठ. आणि तोंड धू, माणसात आल्यासारखं दिस."

गाडीत तो मागच्या सीटवर आडवा पडून राहिला. रुडेलनं सगळी वाट रेडिओवरच्या बेसबॉलच्या मॅचबद्दल बडबड केली. मॅचमध्ये त्याला काडीचा रस नव्हता.

शुक्रवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि बाहेर फेलीशा उभी होती, कुणी विचारलं तर मशीन बिघडलंय म्हणून सांगायला. योलांडा वाकून आत आली. जामिर उठून उभा राहिला आणि दोन्ही हात त्यानं पाठीमागे नेले.

"बस," ती म्हणाली. "तूच बोलावलंस ना त्याला?"

"हो, मिस योलांडा."

"कशाला?"

"चिकनचे विंग्ज उरले होते. बंद करायच्या वेळेला मालक नेऊ देतो. मी रोजच बोलवायचो त्याला." त्याचा आवाज इतका बारीक होता, की रुडेलनं प्रिंटरचा पंखा बंद केला. "त्यानं काचेवर टकटक केली. मी म्हटलं, थांब, पिशवीत भरतो. मग आवाज आले. मी खाली झोपलो, तळणीखाली. मिस योलांडा, मला कळलं होतं बाहेर तोच आहे. मला कळलं होतं. पण अंग उठेना. सगळं शांत झालं तेव्हा गेलो, तर तोपर्यंत..."

योलांडाच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते रुडेलला वाचता येईना, आणि आयुष्यभर लोकांचे चेहरे वाचूनच तो जगला होता.

"हात दाखव," ती म्हणाली.

जामिरनं हात पुढं केला. तिनं तो उलटा करून डागावरून अंगठा फिरवला. "कामाच्या पहिल्याच आठवड्यात भाजून घेतलंस. मलम कोणी लावलं होतं?"

"तुम्ही."

"आणि ओरडत किती होतास. सगळी गल्ली जमली होती." तिनं हात सोडला नाही. "बाहेर आला असतास तर आज ह्या माणसानं दोन शर्ट छापले असते. तू आला नाहीस म्हणून मला राग आहे. तो जाणार नाही, कळलं? राग आहे माझा तुझ्यावर." मग ती रुडेलकडे वळली. "अख्खा छाप. गोळे, नाक, सगळं. माझ्या मापाचा."

रुडेलनं अख्खा फोटो लावला. प्रिंटर कुरकुरला, फिल्म आली, शर्ट अंथरला, प्रेस खाली आली. झाकण उचलल्यावर त्यानं सवयीनं हात आडवा केला. "थांबा. अजून गरम आहे."

"काही गरम नाही," योलांडा म्हणाली. "तुझी ही थांबायची युक्ती सगळ्या रस्त्याला माहीत आहे, रुडेल. पोरं तुझं मन राखायला बसतात." आणि तिनं फिल्मचं एक टोक धरलं, दुसरं जामिरकडे दिलं. फिल्म सरकन निघाली. कापडावर दोघंही शाबूत होते.

जामिर फेलीशाच्या गाडीत बसल्यावर रुडेलनं हळूच विचारलं, "पटलं तुला?"

"कुणास ठाऊक," ती शर्टाची घडी घालत म्हणाली. "टूथब्रश टाकत नाही, एवढं नक्की."

शर्ट कुणी बदलून घेतले नव्हते; शनिवारी चर्चमध्ये सगळीकडे तोच चेहरा होता आणि सगळीकडे तो हात. पहिल्या बाकावर योलांडा बसली होती, अंगात तिचा वेगळा शर्ट. तिच्या शेजारी, घरच्या माणसांच्या जागेवर, जामिर. मागं कुजबुज सुटली, तशी तिनं मागं वळून एकदा पाहिलं. कुजबुज थांबली. टायरीक शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. त्याची नजर पेटी उचलताना आणि ठेवताना एकाच जागी होती, जामिरवर.

जेवण चर्चच्या तळघरात. मॅकरोनी, पालेभाजी, तळलेलं चिकन, बायकांनी घरून आणलेले केक. टायरीकनं ताट घेतलंच नाही. तो सरळ योलांडासमोर येऊन उभा राहिला. रुडेल आपलं ताट घेऊन दोन पावलं जवळ सरकला.

"मावशी, हे काय घातलंयस?"

"माझा पोरगा आहे त्याच्यावर. आणि त्याचा मित्र."

"लोक काय म्हणतायत, माहीत आहे ना?"

"लोकांना म्हणावं, जेवून घ्या, गार होतंय." तिनं त्याची बाही धरून त्याला खाली वाकवलं आणि मग हळू बोलली, पण रुडेलला ऐकू आलं. "तू माझ्या बहिणीचा. एक शर्ट मला पुरे झाला. तुझा छापायला मला लावू नकोस."

टायरीकनं बाही सोडवून घेतली आणि जिना चढून बाहेर गेला. रुडेलनं आपल्या ताटावर चंदेरी कागद दाबला आणि तो त्याच्या मागोमाग निघाला. प्रत्येक पायरीला गुडघ्यानं शिवी दिली. बाहेर टायरीकचे दोघं दोस्त गाडीत बसून होते, इंजिन चालू.

"जेवण झालं, काका," टायरीक गाडीचं दार धरून म्हणाला. "माझा शब्द तिथवरच होता."

"कुणाचं झालं?"

"काय?"

"मी तिथंच होतो. तू कुठं जेवलास?" रुडेलनं हातातलं ताट पुढं केलं. "घास नाही खाल्लास तू. जेवण झालेलं नाही."

गाडीतला एकजण फिस्सकन हसला. टायरीकनं त्याच्याकडे रागानं पाहिलं, पण त्याचंही तोंड एका बाजूनं हललं. "तुम्ही ना, काका, लय चाप्टर आहात."

"मॅकरोनी तुझ्या आईनं केलीय. बघ, नाही खाल्लीस तर तीच तुला मारेल, माझी गरज नाही."

टायरीक ताटाकडे बघत उभा राहिला. मग त्यानं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, आणि कठड्यावर बसून ताट उघडलं. तो खाईपर्यंत रुडेल शेजारी बसला. तेवढ्यात मागच्या दारानं फेलीशा जामिरला घेऊन निघून गेली होती. टायरीकला ती गाडी वळताना दिसली असणार. तो चावत राहिला.

"आज नाही," ताट पुसून झाल्यावर तो म्हणाला. "कायमचं नाही असं म्हटलेलं नाही मी."

"आज पुरे आहे. सोमवारी दुकानात ये. तुझा शर्ट बदलायचा राहिलाय."

येईल असं रुडेलला वाटलं नव्हतं. पण सोमवारी दुपारी टायरीक आला, धुतलेला शर्ट काउंटरवर टाकला. "नवा पाहिजे. तो अख्खा फोटो नको. हातही नको. नुसता केव्हॉन."

"करतो की."

ह्या वेळी रुडेलनं चष्मा पुसून घेतला. पडद्यावर फोटो मोठा केला आणि हात कडेकडेनं खोडायला घेतला, बोट बोट. टायरीक मागं उभा राहून बघत होता. हात गेला. त्याच्या जागी केव्हॉनच्या खांद्याला पांढरा खड्डा पडला.

"इथं काय झालं?"

"हाताखाली काय होतं ते कॅमेऱ्याला दिसलंच नव्हतं. हात काढला की तेवढा खांदाही जातो."

"मग भरा ना. मशीनला येतं भरता."

"येतं. मशीन अंदाजानं काहीतरी भरेल. खांदा दिसेल, केव्हॉनचा नसेल. सांग, भरू?"

टायरीक पडद्याकडे बघत राहिला. बाहेर घोडागाडीची घंटी वाजत जवळ आली आणि लांब गेली.

"राहू द्या," तो म्हणाला.

"काय राहू देऊ?"

"हात हो. होता तसा ठेवा."

रुडेलनं हात परत आणला. फिल्म छापली, शर्ट अंथरला, प्रेस दाबली, उचलली. टायरीकनं टोक धरायला बोटं पुढं केली, मग आपणहून मागं घेतली आणि स्टूल ओढून बसला.

"मी सोडणार होतो त्याला त्या दिवशी, गाडीनं," तो फिल्मकडे बघत म्हणाला. "त्यानं फोन केला होता. मी म्हटलं, चालत जा ना, कितीसं लांब आहे."

रुडेलनं फिल्मवर तळहात ठेवून पाहिला. ती केव्हाच गार झाली होती.

"अजून गरम आहे," तो म्हणाला, आणि समोर दुसरं स्टूल घेऊन बसला.